सुयशची खेळणी

चौल-रेवदंड्याकडे कुणाच्या घरी बारसं असलं, की बाळासाठी काय घ्यावं हे विचारायला बायका निवेदिताकडे येत. रेवदंड्याच्या बाजारामागे तिची बालवाडी होती, आणि लहान मुलाच्या हातात काय द्यावं, काय देऊ नये याबद्दल तिची मतं फार ठाम होती. बटण दाबलं की गाणारी बाहुली किंवा बॅटरीवर नाचणारं अस्वल कुणी कौतुकानं दाखवलं, की ती म्हणे, "हे तर सगळं स्वतःच करतंय. मग पोरानं काय करायचं? नुसतं बघत बसायचं?" त्यापेक्षा एकात एक बसणाऱ्या वाट्या घ्या, लाकडी ठोकळे घ्या, ओवायला जाडे मणी घ्या, आणि काहीच जमलं नाही तर पाणी ओतायला एक लहानसा तांब्या द्या, असं ती सांगे. बायका मान डोलावत आणि पुष्कळदा गाणारी बाहुलीच घेऊन जात. तरी पुढच्या बारशाला पुन्हा विचारायला येत.

निवेदिताचं लग्न झालं नव्हतं. चौलला सुपारीच्या वाडीत वडिलांनी बांधलेल्या घरात ती आई आणि धाकट्या भावाच्या संसारात राहत होती. भाऊ अजेय उरणला एका कंपनीत इंजिनिअर होता. आठवडाभर तिकडेच क्वार्टर्समध्ये राहायचा आणि शनिवारी संध्याकाळी गाडी घेऊन घरी यायचा. त्याची बायको गौरी उरणकडचीच, अबोल, कामाला वाघ. तिचं आणि निवेदिताचं चांगलं जमत असे. सुयशच्या वेळी गौरीला दिवस गेले, तेव्हा डोहाळजेवणापासून सगळं निवेदितानं अंगावर घेतलं होतं.

सुयश झाला आणि निवेदिताच्या खोलीतलं एक कपाट त्याचं झालं. आजवर तिनं दुसऱ्यांच्या मुलांसाठी खेळणी निवडली होती. आता निवडलेलं खेळणं त्याच दिवशी त्या इवल्या मुठीत देता येत होतं. पाळण्यावर टांगायला तिनं काळ्या-पांढऱ्या कापडाचे मासे शिवले. मूठ उघडायला लागल्यावर मऊ कापडी चेंडू आला. बसायला लागल्यावर पोफळीची मोठी विरी, झावळीचं ते रुंद देठ, आणून तिच्यावर त्याला बसवून ती अंगणभर ओढायची, आणि तो असा खदखदून हसायचा की अंबिकाबाई, म्हणजे आजी, हातातलं काम टाकून बघायला यायच्या. "आत्यानं लाडावून ठेवलाय," असं म्हणायच्या आणि स्वतःच त्याची दृष्ट काढायच्या.

खुळखुळाही तिनं हौसेनं निवडला होता. लाकडी, हातात मावेल असा, आत बिया भरलेला. सुयशनं तो घेतला, तोंडात घातला, उलटासुलटा करून पाहिला. एकदा तो पडवीत तिच्याकडे पाठ करून बसला होता. तिनं मागून खुळखुळा वाजवला. तो माडावरच्या कावळ्याकडे बघत होता, तसाच बघत राहिला. तिनं जोरात वाजवला. काही नाही. मग ती पुढे सरकली, तिची सावली त्याच्या पायांवर पडली, आणि त्यानं गर्रकन वळून तिच्याकडे बघत असं काही बोळकं पसरलं की तिनं मनातला विचार तिथल्या तिथे झटकला.

पण वर्षानुवर्षं मुलं बघितलेल्या बाईच्या मनातून असा विचार जात नाही. काही दिवसांनी सुयश स्वयंपाकघराच्या दारात गोधडीवर पडला होता. कुकरची शिट्टी झाली. ओट्याशी उभी असलेली निवेदिता दचकली, मांजर उठून पळालं, आणि सुयश आपल्या पायाचा अंगठा धरायच्या नादात होता. त्याची पापणीसुद्धा हलली नाही.

त्याच दुपारी गौरी विहिरीशी दुपटी वाळत घालत होती. निवेदिता जवळ जाऊन उभी राहिली.

"गौरी, एक विचारू?"

"नका विचारू, ताई," गौरी म्हणाली.

तिनं मागे वळूनही पाहिलं नव्हतं. हातातलं दुपटं ती पुन्हा पुन्हा झटकत राहिली. निवेदितानं ते तिच्या हातातून काढून घेतलं, तेव्हा गौरी विहिरीच्या कठड्यावर बसली.

"तुझ्या लक्षात कधी आलं?"

"तुमच्या आधी."

मग तिनं सांगितलं. तिचा एक मावसभाऊ होता, शिवदास. त्याला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. लग्नाच्या वेळी ही गोष्ट तिच्या घरच्यांनी दडवली होती. मावशीला सगळ्यांच्या देखत आग्रहाचं आमंत्रण दिलं होतं आणि बाजूला घेऊन बजावलं होतं, की शिवदासला घरीच ठेवून या. मावशी आली होती, पण जेवली नव्हती.

"आईंना कळलं तर त्या म्हणतील, माहेरून घेऊन आली," गौरी म्हणाली. "आणि हे? हे काही म्हणणार नाहीत. नुसते बघतील माझ्याकडे. ताई, थोडं थांबा. वर्षाचा होऊ दे. काही मुलं उशिरा वळतात ना?"

वळत नाहीत. बालवाडीत एखादी आई असं म्हणाली असती, तर निवेदितानं दुसऱ्या दिवशीच्या एसटीत तिला बसवलं असतं. कोंडाजी म्हणून एक म्हातारा तिच्या बालवाडीशेजारी राहत होता. त्याचा नातू पुस्तक नाकाला लावून बघतो हे तिच्या लक्षात आलं, तेव्हा घरचे ऐकेनात म्हणून ती तीन दिवस त्यांच्या ओट्यावर जाऊन बसली होती आणि अखेर स्वतःच पोराला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती. पण ती दुसऱ्याची घरं होती. इथे गौरी तिचा हात धरून बसली होती, आणि ती ज्या छपराखाली राहत होती ते आता या बाईचं होतं.

"बरं," निवेदिता म्हणाली. "वर्षाचा होईपर्यंत."

तो वर्षाचा झाला. गौरी म्हणाली, दिवाळी होऊ दे. दिवाळी झाली. मग अंबिकाबाईंचं गुडघ्याचं दुखणं निघालं. दरम्यान गौरीनं काय चालवलं होतं ते निवेदिताला दिसत होतं. सुयशला हाक मारायच्या आधी ती उजेडाच्या बाजूला जाई, म्हणजे सावली त्याच्या पुढ्यात पडे. तो दिवाणावर असला की गुडघ्यानं दिवाण जरासा हलवी. पोरगा हुशार होता. त्याची नजर घारीसारखी झाली. कोण उठलं, कोण कुठे बघतंय, कुणाचे ओठ हलले, सगळं तो टिपायचा. लोक म्हणत, किती चौकस आहे.

दीड वर्षाचा झाला तरी तो "आई"सुद्धा म्हणत नव्हता. अजेय म्हणे, "मीही उशिराच बोललो, हो ना आई?" अंबिकाबाई लगेच हो म्हणत.

एका रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर सगळी बाहेरच्या खोलीत बसली होती. सुयश दिवाणावर अजेयनं आणलेली चावीची बस फिरवत होता. अजेयनं त्याला दोनदा हाक मारली. त्यानं वर पाहिलं नाही.

"रमलाय," अजेय म्हणाला.

"रमलेला नाही," निवेदिता म्हणाली. "अजेय, त्याला ऐकू येत नाही असं मला वाटतं. उद्या रजा काढ. अलिबागला दाखवू, नाहीतर सरळ मुंबईला नेऊ."

अजेयला आधी ती काय बोलतेय हेच कळलं नाही. मग तो हसला, आणि मग हसायचं थांबला.

"गौरी, काय म्हणतेय ही?"

गौरी कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं निवेदिताकडे पाहिलं नाही. "मला तर कधी तसं वाटलं नाही. मी हाक मारली की बघतो तो."

"मार बरं."

गौरी उठली. दिवाणाच्या मागे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सुयश." दिवाणाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या निवेदिताच्या मांडीखाली लाकूड थोडंसं हललं. सुयश वळला आणि आईकडे बघून हसला.

निवेदिताला एकच नाव घ्यायचं होतं. शिवदास. ते जिभेवर आलं. गौरीचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता, आणि ते नाव घेणं निवेदिताला जमलं नाही.

"तिनं दिवाण हलवला," एवढंच ती म्हणाली, आणि ते तिच्या स्वतःच्याच कानांना पोरकट वाटलं.

"ताई, पुरे," अजेय म्हणाला. "दिवसभर दुसऱ्यांची पोरं तपासतेस ना, म्हणून तुला सगळीकडे तेच दिसतं. माझा मुलगा तुझ्या बालवाडीत नाही."

बोलायचं ते अंबिकाबाई बोलल्या. आवाज न चढवता, पान लावता लावता. "स्वतःचं असतं म्हणजे कळलं असतं. दुसऱ्याच्या कुशीत खोट काढायला काय लागतं?"

आई असं बोलू शकते हे निवेदिताला ठाऊक होतं. पण आजवर ती दुसऱ्यांबद्दल बोलायची.

त्या दिवसापासून अजेय दर शनिवारी काही ना काही घेऊन येऊ लागला. बोलणारा पोपट आला, इंग्रजी अंक म्हणणारी आगगाडी आली, प्राण्यांचे आवाज काढणारं पुस्तक आलं. आणि शेवटी एक पाटी आली. तिच्यावर चित्रं होती, चित्र दाबलं की आतून एक बाई इंग्रजीत त्याचं नाव सांगायची. डब्यावर लिहिलं होतं की हिनं मुलाची बुद्धी वाढते. अजेयनं तो मजकूर निवेदिताला ऐकू जाईल अशा बेतानं मोठ्यानं वाचला. घरात दिवसभर कसले तरी आवाज चालू असायचे. सुयशला पाटी आवडली. तो तिच्यावर गाल टेकून पडून राहायचा.

"बघ, कसा कान लावून ऐकतोय," अजेय म्हणायचा.

त्या पाटीच्या आत आवाज निघाला की ती थरथरते आणि पोराला गालाला गुदगुल्या होतात, हे निवेदिता कुणाला सांगणार होती?

दुसऱ्या वाढदिवसाला अजेयनं वाडीत मांडव घातला. उरणहून त्याचे सहकारी आले, चौलचे झाडून सगळे आले. केक कापून झाल्यावर त्यानं सुयशला खुर्चीवर बसवून मांडीवर पाटी दिली.

"सुयश, एलिफंट कुठे आहे? एलिफंट?"

सुयशनं वर पाहिलं. अजेयच्या खांद्यामागे गौरी उभी होती. सुयशचं बोट चित्रांवरून सरकू लागलं. सफरचंद, बस, मांजर. बोट हत्तीवर आलं आणि गौरीची हनुवटी तसूभर खाली गेली. सुयशनं दाबलं. पाटीतली बाई म्हणाली, एलिफंट. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"अजून बोलत नाही, पण समजतं सगळं," अजेय म्हणाला. मग निवेदिताकडे बघत हसत हसत म्हणाला, "आमच्या ताईचं म्हणणं, ही असली खेळणी कुचकामी. मुलांनी आपले ठोकळे रचत बसावं."

माणसं हसली. निवेदिताही हसल्यासारखं करून उभी राहिली. पोरगा चित्रांकडे बघतच नव्हता. त्याची नजर सारखी त्या एका चेहऱ्यावर होती, आणि हनुवटी हलली रे हलली की त्याच्या अंगातून सुटका झाल्यासारखा श्वास बाहेर पडत होता.

नंतर दोनच दिवसांनी तिनं खोलीतलं कपाट उघडलं तर ते रिकामं होतं. वाट्या, ठोकळे, मणी, कापडी मासेसुद्धा गेले होते. वाडीत कामाला येणाऱ्या बायजाला अंबिकाबाईंनी सगळं देऊन टाकलं होतं.

"ती तशी दृष्टावलेलीच होती," अंबिकाबाई म्हणाल्या. "तू आणलेलं नको आता पोराला."

निवेदिता त्याच आठवड्यात रेवदंड्याला बालवाडीच्या वरच्या खोलीत राहायला गेली. तिला कुणी थांब म्हटलं नाही. गौरी सुयशला कडेवर घेऊन दारात आली होती. तिचे डोळे भरले होते, पण त्यांत सुटकाही होती, आणि निवेदिताला तीच दिसली.

पुढची दोन वर्षं ती चौलच्या घरी गेली नाही. सणावाराला अजेयचा फोन येई, ती कामाचं निमित्त सांगे. सुयश कधीमधी बाजारात दिसे, आईचं बोट धरून, सारखा वर तिच्या तोंडाकडे बघत चालणारा. निवेदिता दुकानाच्या आडोशाला होई. ती स्वतःला सांगे, की त्याला शिकले-सवरलेले आईबाप आहेत, मी कोण? पण खरं वेगळंच होतं. एक दिवस यांना कळेल, आणि मग माझ्या दारात यावं लागेल, हा विचार तिला सोबतीसारखा झाला होता. बालवाडी सुटल्यावर एकटीचा स्वयंपाक करताना ती तो काढून बसे. अजेय कसा येईल, काय म्हणेल, आपण काय म्हणू. त्या सगळ्या विचारात मूल कुठेच नव्हतं.

अजेय आला तो एका दुपारी, मुलं घरी गेल्यावर. निवेदिता बालवाडीच्या अंगणात धुतलेले ठोकळे सुपात वाळत घालत होती. तो फाटकाशी उभा राहिला. केस पांढरे झाले होते.

"शाळेनं घेतला नाही त्याला," तो म्हणाला. "बाई म्हणाल्या, कान तपासून आणा."

"मग?"

"मुंबईला नेला. दोन्ही कान. जवळजवळ काहीच नाही." तो ओट्यावर बसला. "यंत्रं बसवली आहेत आता. डॉक्टर म्हणाले, आवाज जाईल, पण त्या आवाजाचा अर्थ लागायला फार वेळ लागेल. बोलायला शिकायची वर्षं होती ती गेली म्हणाले. दीड वर्षाचा असताना आणायला हवं होतं म्हणाले."

इतकी वर्षं जपून ठेवलेलं वाक्य निवेदिताच्या तोंडात तयार होतं. पण तिच्या आधी तोच बोलला.

"तुला माहीत होतं."

"मी सांगितलं होतं तुला."

"एकदा," अजेय म्हणाला. "एकदा सांगितलंस आणि रुसून निघून गेलीस. कोंडाजीच्या नातवासाठी तू ओट्यावर ठाण मांडून बसली होतीस, ताई. लोकांच्या पोरासाठी. माझ्या दारात का नाही बसलीस? मी मूर्ख होतो, मला कळत नव्हतं. तुला तर कळत होतं. उचलून न्यायचा होतास त्याला. मी काय, पोलिसांत गेलो असतो?"

तो रडत नव्हता. रडला असता तर बरं झालं असतं. निवेदितानं ओले ठोकळे उगाच उलटेपालटे केले. गौरीला विचार, तिला माझ्याही आधी माहीत होतं, असं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. ते तिनं म्हटलं नाही, आणि न म्हटल्याचं समाधानही वाटलं नाही, कारण तो म्हणत होता त्यातलं काहीच खोटं नव्हतं.

"काय हवंय तुला?" तिनं विचारलं.

"डॉक्टर म्हणतात, खेळातून ऐकायला शिकवा. कसली खेळणी घ्यायची ते मला कळत नाही. ज्या बाई शिकवतात त्या पनवेलला आहेत, त्यांची वेळ पुढच्या महिन्यातली मिळालीय. तोवर तू ये."

निवेदितानं त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, डोकं थंड असताना खेळणी निवडली. निवडायला पूर्वी तिला कधी इतका वेळ लागला नव्हता. गाणारं-बोलणारं काही नको हे तर ठरलेलंच. आवाज कुठून येतो हे कळायला पाहिजे, आणि तो कुणीतरी केला म्हणून होतो हेही कळायला पाहिजे. तिनं चामड्याचा ढोलका घेतला, पत्र्याचा रिकामा डबा घेतला, रंगीत ठोकळे घेतले. खेळ सोपा होता. ढोलक्यावर थाप पडली की मुलानं एक ठोकळा डब्यात टाकायचा, थाप नाही तर ठोकळा हातातच ठेवायचा. बहिऱ्या मुलांना असं शिकवतात हे तिनं फार पूर्वी, प्रशिक्षणात पाहिलं होतं.

रविवारी ती चौलला गेली. अंबिकाबाई म्हातारपणानं वाकल्या होत्या. "आलीस?" म्हणाल्या आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. मागचं कुणी काही काढलं नाही.

सुयश चार वर्षांचा झाला होता. कानांमागे यंत्रं होती, ती जड झाल्यासारखा मान आखडून बसला होता. त्यानं तिला ओळखलं नाही. पण अनोळखी माणूस आलंय म्हटल्यावर त्यानं लगेच जाऊन ती जुनी पाटी आणली, तिच्यासमोर धरली, आणि काय दाबू, अशा नजरेनं तिच्या तोंडाकडे पाहत राहिला.

गौरी चहा करत होती. निवेदिता आत गेली.

"डॉक्टरांनी विचारलं असेल, घराण्यात कुणाला आहे का."

"विचारलं," गौरी म्हणाली. "नाही म्हणून सांगितलं."

"अजूनही?"

"आता सांगून त्याला ऐकू येणार आहे का?" गौरीनं गॅस बारीक केला. तिचा आवाज पूर्वीसारखा मऊ राहिला नव्हता. "तुम्हाला सांगायचं असेल तर सांगा, ताई. तुमचा हक्क आहे. पण एक ऐका. यांना कुणावर तरी चिडायला हवंच आहे. सध्या ते तुमच्यावर चिडलेत, म्हणून हे घर उभं आहे."

"म्हणजे मी ते घेत राहायचं?"

"तुम्ही इथे राहत नाही. मी राहते."

हिच्यासाठी आपण एकदा एक नाव गिळलं होतं, आणि हिला त्याचं आता ओझंसुद्धा नव्हतं. चहा न घेताच निवेदिता बाहेर आली.

तिनं सुयशला जमिनीवर बसवलं, डबा त्याच्यासमोर ठेवला, ठोकळे ओळीनं मांडले. अजेयला समोर बसवून खेळ करून दाखवला. तिनं थाप मारली, अजेयनं ठोकळा टाकला. पुन्हा थाप, पुन्हा ठोकळा. सुयश लक्ष देऊन बघत होता. मग ती त्याच्या पाठीमागे जाऊन बसली. गौरी पदराला हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

निवेदितानं थाप मारली. सुयशनं हातातला ठोकळा घट्ट धरला आणि दाराकडे पाहिलं. ठोकळा डब्यात पडला.

"ऐकलं त्यानं," अंबिकाबाई म्हणाल्या.

अजेयनं मोबाईल काढला. "ताई, परत. परत वाजव." त्याच्या आवाजात इतका आनंद होता की निवेदिताला ते सहन होईना. पुन्हा थाप, पुन्हा ठोकळा. पाच ठोकळे बिनचूक गेले. गौरीची हनुवटी हलत होती. कदाचित तिच्याही नकळत हलत असेल, तीन वर्षांची सवय होती ती. पण ती हलत होती, आणि निवेदिताच्या मनात एकदम सगळं वर आलं. दिवाण, टाळ्या, रिकामं कपाट, अजेयचं अंगणातलं ते वाक्य.

तिनं हात उचलला, ढोलक्याकडे नेला, आणि चामड्याला न लावता तसाच थांबवला.

गौरीची हनुवटी खाली गेली. सुयशनं ठोकळा टाकला. खोलीत काहीच आवाज नव्हता, त्यामुळे पत्र्यावर पडलेला ठोकळा फार मोठ्यानं वाजला.

अजेयनं मोबाईल खाली केला. "तू वाजवलं नाहीस."

"नाही."

तो मुलाकडे बघत राहिला. मग त्यानं मुलाची नजर जिथे होती तिकडे वळून पाहिलं. गौरी हललीसुद्धा नाही. तो उठला आणि तिला घेऊन आतल्या खोलीत गेला. आधी गौरीचं रडणं ऐकू आलं, मग शिवदासचं नाव. अंबिकाबाई भिंतीला धरून उठल्या आणि "माहेरून आणलंस होय गं," असं म्हणत आत गेल्या. मग तिघांचे आवाज एकात एक मिसळले. गौरीनं तीन वर्षांपूर्वी विहिरीवर सांगितलं होतं, अगदी त्याच शब्दांत ते सगळं चाललं होतं. फक्त एक तिचं चुकलं होतं. अजेय नुसता बघत राहिला नाही. तो ओरडत होता.

गौरी त्याच संध्याकाळी माहेरी गेली. सुयशला अजेयनं जाऊ दिलं नाही. पुढे नातेवाईक मध्ये पडले, ती परतही आली, पण त्या घरात नंतर कुणी कुणाशी धड बोललं नाही, आणि ज्या पोराला बोलणं ऐकायची सगळ्यात जास्त गरज होती त्याच्या कानावर पडायला बोलणंच उरलं नाही.

पण हे पुढचं. त्या दुपारी आत भांडण चालू असताना निवेदिता ढोलका मांडीवर घेऊन बसली होती. आपण बरोबर होतो हे आता सगळ्यांना कळलं होतं. ते कळल्यावर काय करायचं हे तिनं कधी ठरवलंच नव्हतं.

आतला आवाज यंत्रांतून सुयशपर्यंत पोचत असावा. त्यानं कपाळाला आठ्या घातल्या, इकडेतिकडे पाहिलं. मग एका कानातलं यंत्र ओढून काढलं, दुसऱ्या कानातलंही काढलं, आणि दोन्ही तिच्या मांडीवर ठेवून दिली. डब्याकडे वळून त्यानं एक ठोकळा उचलला. दारात आता कुणी नव्हतं. त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि वाट बघू लागला.

निवेदितानं मान फिरवली, म्हणजे तो आपलं आपण काहीतरी करील. बराच वेळ झाला, डबा वाजला नाही. तिनं परत पाहिलं तर तो तसाच होता, ठोकळा डब्यावर धरलेला, नजर तिच्यावर खिळलेली.

तिनं हनुवटी हलवली. त्यानं ठोकळा टाकला, आणि तो हसला.